टार्नीटला आधी मैदान द्या, मग गर्दी मोजा : ए-लीगच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियन प्रोफेशनल लीग्ज आणि फुटबॉल ऑस्ट्रेलिया यांचे पदाधिकारी,
सिडनी

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वेस्टर्न युनायटेड या आमच्या पश्चिम मेलबर्नच्या फुटबॉल क्लबचा परवाना रद्द झाला. सप्टेंबरात निर्णयाची धार जरा बोथट झाली आणि क्लबला एका हंगामापुरतं झोपवून ठेवायचं ठरलं. २०२५-२६ च्या ए-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, आमचा पुरुषांचा संघ नाही, महिलांचाही नाही. क्लबची तिजोरी रिकामी होती, पगार थकले होते, आणि पैशाचे नियम पाळले नाहीत तर परवाना जातो, एवढं मला कळतं. त्यावर वाद घालायला हे पत्र नाही. पण त्यानंतर जे बोललं जाऊ लागलं ते ऐकून गप्प बसवत नाही. पश्चिमेकडे फुटबॉलला प्रेक्षकच नाही, तिकडे फूटी (ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल) चालते नाहीतर क्रिकेट, रिकामे स्टँड बघितले ना? ऑफिसात हेच, रेल्वेत हेच, मुलांच्या सरावाला आलेल्या पालकांतही हेच. तुम्ही स्वतः असं म्हणाला नाहीत. पण खोडूनही काढलं नाहीत, आणि खोडायला लागणारे सगळे कागद तुमच्याच कपाटात आहेत.

इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर पाठवली आहे. मराठीत लिहायचं कारण असं की टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी या मेलबर्नच्या पश्चिम पट्ट्यात मराठी घरं आता बरीच आहेत. त्यांतल्या अनेकांनी पोरांना हिरवे-काळे शर्ट घेऊन दिले होते, आणि आपला संघ गेला कुठे हे त्यांना कुणी धड सांगितलेलं नाही.

यात माझं काय, ते आधी सांगते. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. कोल्हापूर म्हटलं की लोकांना अंबाबाई, कुस्ती आणि तांबडा-पांढरा आठवतो. फुटबॉलचं वेड बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, असे आमचे संघ. बहुतेक तालमींचे. तालीम पेठेची, म्हणून संघही पेठेचा. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारपासून भरू लागतात. आता तर तालमी आफ्रिकेतून खेळाडू आणतात, आणि नायजेरियाच्या पोराने गोल मारला की अख्खी पेठ त्याला खांद्यावर घेते. हाणामाऱ्याही होतात. बंदोबस्तात सामने खेळवावे लागलेत, ते मी गोड करून सांगणार नाही. आमच्या वेळी बायका त्या पायऱ्यांवर फारशा दिसत नसत. सामना मी भावांच्या तोंडून ऐकायची, रात्री जेवताना, तोही दोघांकडून दोन तऱ्हेचा. स्टँडमध्ये बसून घसा बसेपर्यंत ओरडायची संधी मला मिळाली ती इथे, मेलबर्नच्या पश्चिमेला. माझी मुलगी टार्नीट ज्यात येतं त्या विंडम भागातल्या एका छोट्या क्लबाकडून बचाव फळीत खेळते. मोठ्या संघात जायची वाट तिला घरापासून दिसत होती. ती आता बंद आहे.

आता मुद्द्यावर.

तुम्हाला ठाऊकच आहे, पण आमच्या वाचकांसाठी सांगते: या देशात ‘फुटबॉल’ चार तऱ्हेचा आहे आणि चौघांची भाऊबंदकी आहे. मेलबर्न, ॲडलेड, पर्थ फूटीवाले. सिडनी आणि ब्रिस्बेन रग्बी लीगवाले. या दोन मुलुखांमधल्या सीमेला बॅरासी रेषा म्हणतात, रॉन बॅरासी या फूटीच्या मोठ्या माणसावरून. रग्बी युनियन तिसरं. आपला फुटबॉल चौथा. खेळणाऱ्यांच्या संख्येत तो सगळ्यांच्या पुढे आहे आणि बघणाऱ्यांच्या हिशेबात मागे. मैदानं आणि टीव्ही बाकीच्यांनी आधीच धरून ठेवले, म्हणून जुन्या राष्ट्रीय लीगने १९८९ मध्ये हिवाळा सोडून उन्हाळ्यात खेळायला सुरुवात केली. तेव्हापासून आपण उन्हात.

मेलबर्नमध्ये राहून फूटीकडे पाठ फिरवता येत नाही. १८५९ मध्ये इथल्याच क्लबाने नियम लिहिले, १८९७ मध्ये आठ क्लबांची लीग सुरू झाली. त्यांची नावं बघा: कॉलिंगवूड, कार्लटन, एसेंडन, सेंट किल्डा. सगळी पेठांची नावं. १९७० च्या अंतिम सामन्याला एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) १,२१,६९६ माणसं होती. तो विक्रम आता तिथे मोडायचा नाही, कारण तेवढ्या जागाच उरलेल्या नाहीत. आजही अंतिम सामन्याला लाखाचा आकडा गाठला जातो, अलीकडच्या हंगामांची एकूण हजेरी ८० लाखांच्या आसपास जाते, आणि अंतिम सामन्याच्या आदल्या शुक्रवारी २०१५ पासून राज्यभर सुट्टी असते. मिरवणुकीसाठी सुट्टी! कोल्हापूरकरणीला हे समजावून सांगावं लागत नाही.

मला त्यांचं सगळ्यात आवडतं ते बॅनरचं प्रकरण. क्रेप कागदाच्या पट्ट्या चिकटपट्टीने जोडत जोडत चिअर स्क्वॉडची माणसं घराएवढा उंच बॅनर हाताने करतात. त्यात निवृत्त शिक्षिका असतात, शाळकरी पोरं असतात, आजोबा असतात. सामन्याच्या दिवशी तो दोन खांबांवर उभा करतात. वारा असला तर दोऱ्या ओढून धरायला बरेच हात लागतात. मग खेळाडू बोगद्यातून पळत येतात आणि काही क्षणांत त्याच्या चिंध्या करतात. पुढच्या आठवड्याला नवा बॅनर, नवी चिकटपट्टी. त्या माणसांना पुढच्या शनिवारी आपण कुठल्या दारातून आत जाणार आहोत हे माहीत असतं. आम्हाला माहीत नसायचं.

पहिली तक्रार : मैदान. बाकीच्या तक्रारी हिच्याच पोटातून निघतात, म्हणून हिला जास्त जागा देते.

२०१८ च्या डिसेंबरात फुटबॉल ऑस्ट्रेलियाने, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, दोन नवे क्लब निवडले. कॅनबराकडे तयार मैदान होतं. मेलबर्नच्याच डँडेनाँग भागातून दुसरी बोली होती. तरी पश्चिम मेलबर्नची बोली उजवी ठरली. तिचं मोठं आकर्षण काय होतं? टार्नीटमध्ये क्लबचं स्वतःचं, १५,००० आसनांचं स्टेडियम, विंडम कौन्सिलच्या भागीदारीतून. रंगीत चित्रं आली. चित्रात झाडं होती, फुगे घेतलेली पोरं होती, हिरवंगार गवत होतं. आम्ही त्या चित्रांवर विश्वास ठेवून सभासद झालो. घर बुक करताना बिल्डरचं ब्रोशर बघून ठेवतो, तसाच.

२०१९-२० मध्ये संघ उतरला, आणि घरचं मैदान म्हणून काय काय मिळालं ते मोजा. जिलाँगचं मैदान, मूळचं फूटीचं. बॅलरॅट, तेही फूटीचं आणि तिथल्या थंडीची ख्याती तुम्हाला सांगायला नको. शहराच्या मध्यावरचं आमी पार्क, जिथे मेलबर्न व्हिक्टरी आणि मेलबर्न सिटी या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचं आधीच बस्तान आहे. फुट्सक्रेचं व्हिटन ओव्हल. आणि २०२१ मध्ये लाँसेस्टन. वाचकहो, लाँसेस्टन टास्मानियात आहे. मध्ये समुद्र आहे. ‘घरचा’ सामना बघायला विमान नाहीतर बोट! हे विनोदासाठी लिहिलेलं नाही, वेळापत्रक काढून बघा.

आणि संघ वाईट होता म्हणावं तर तेही नाही. २०२२ च्या २८ मे ला आमी पार्कवर मेलबर्न सिटीला २-० हरवून आम्ही विजेते झालो. पदार्पणापासून तिसऱ्या हंगामात. त्या संध्याकाळी २२,४९५ प्रेक्षक होते. त्यातले बरेच सिटीचे, कबूल आहे. पण विजेतेपद घेऊन संघ परतला तो कुठे? परतायला जागाच नव्हती. चषक जिंकल्यावर गावाला लगेच काहीतरी दाखवावं लागतं, तेव्हाच नवी माणसं चिकटतात. ते वर्ष वाया गेलं. पुढे २०२४ मध्ये आम्ही अखेर टार्नीटला आलो ते सुमारे ५,००० क्षमतेच्या मैदानात, सरावासाठी बांधलेल्या संकुलात. १५,००० चं स्टेडियम अजून कागदावरच आहे.

तिथला एक सामना कसा असायचा ते सांगते, कारण आकड्यांत हे येत नाही. पश्चिमेकडून मोकळ्या माळरानावरून वारा यायचा, एवढा की कॉर्नरचा चेंडू भलतीकडेच जायचा. सावली बेताची, उन्हाळ्यात संध्याकाळीही ऊन थेट डोळ्यांत. शेजारचे पंजाबी काका थर्मासमधून चहा द्यायचे, मी त्यांना चिवड्याची पुडी द्यायची. खाली कुंपणाला चिकटून पोरं. खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते ऐकू यायचं, आणि नको तेही ऐकू यायचं. सामना संपल्यावर कर्णधार कुंपणापाशी यायचा आणि माझ्या मुलीला वाटायचं की हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. गर्दी थोडी असायची, पण दर वेळी तीच माणसं दिसू लागली होती. नावं कळू लागली होती. पेठ तयार व्हायला लागली होती, आणि तुम्ही दुकान बंद केलंत.

टार्नीटला रेल्वे २०१५ पासून आहे. पण ती जिलाँग मार्गावरची डिझेल गाडी, आठवडाभर माणसांनी चेंगरलेली. स्टेशनवरून मैदानाला जायला सामन्याच्या दिवशी नेमाने धावणारी बस आम्हाला कधी मिळाली नाही. एमसीजीला सामना असला की रिचमंड आणि जोलिमोंट या दोन स्टेशनांवरून माणसं पायी दारात पोचतात. हजेरीचे आकडे शेजारी शेजारी मांडताना हेही शेजारी मांडा.

दुसरी तक्रार : आमचं प्रेम चुकीच्या तराजूत तोललंत. लोक म्हणतात, साउथ सिडनीकडे बघा. १९९९ च्या हंगामानंतर रग्बी लीगने त्या क्लबला बाहेर काढलं, २००० मध्ये सिडनीच्या रस्त्यावर सुमारे ८०,००० माणसं उतरली, कोर्टबाजी झाली आणि २००२ मध्ये क्लब परत आला. २०१४ ला विजेताही झाला, १९७१ नंतर प्रथमच. किंवा फूटीतल्या फुट्सक्रेकडे बघा, आमच्याच मार्गावरचं स्टेशन. १९८९ मध्ये त्या क्लबला फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं ठरलं, तर माणसं डबे खुळखुळवत दारोदार फिरली, काही आठवड्यांत सुमारे १५ लाख डॉलर उभे राहिले आणि क्लब वाचला. तोच आजचा वेस्टर्न बुलडॉग्ज, २०१६ चा विजेता, तब्बल १९५४ नंतर.

मग टार्नीटमधून मोर्चा का नाही निघाला? सरळ उत्तर देते. फुट्सक्रेकडे १९८९ मध्ये शंभर वर्षांहून जुना क्लब आणि एकच मैदान होतं. डबा घेऊन फिरणाऱ्या बाईच्या आजोबांनी तिथे सामना बघितलेला होता. आमच्याकडे सहा हंगाम होते आणि तेही पाच-सहा मैदानांवर वाटलेले. माणूस कुठल्या रस्त्यावर मोर्चा काढणार? जिलाँगच्या की बॅलरॅटच्या? आमच्यातले निम्मे इथे नव्याने आलेले, घराचे हप्ते, पोरांच्या शाळा, व्हिसाची कागदपत्रं. तरी पोरांना घेऊन यायचे. प्रेम मोजायचंच असेल तर नव्वद किलोमीटर गाडी हाकत बॅलरॅटला ‘घरचा’ सामना बघायला गेलेल्या माणसांचं मोजा.

आणि आम्हाला मैदान भरता येत नाही, असं तर कुणी म्हणूच नये. २०२२ च्या ऑक्टोबरात एमसीजीवर भारत-पाकिस्तान सामन्याला ९०,२९३ माणसं होती. २०२४ च्या बॉक्सिंग डे कसोटीला पाच दिवसांत ३,७३,६९१, म्हणजे ब्रॅडमनच्या काळातला १९३६-३७ चा विक्रमही मोडला. त्या गर्दीत टार्नीट होतं, डोक्यावर फेटे बांधून. बरं, ते क्रिकेट झालं. पण २०१५ मध्ये रेआल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी याच मैदानावर नुसता मैत्रीचा सामना खेळले तेव्हा ९९,३८२ आले होते. फुटबॉलवर प्रेम करणारी माणसं या शहरात आहेत. त्यांना तुमच्या लीगपर्यंत आणणारा रस्ता तुम्ही बांधलेला नाही.

बांधता येतो, हे तुमच्याच लीगने दाखवलंय. २०१२ मध्ये वेस्टर्न सिडनी वाँडरर्स उभा करताना आधी लोकांच्या सभा घेतल्या, त्यांना विचारून नाव-रंग ठरवले आणि पॅरामॅटाचं एक मैदान दिलं. पहिल्याच हंगामात तो संघ लीगच्या तक्त्यात अव्वल, २०१४ मध्ये आशियाचा विजेता. २०१६ च्या ऑक्टोबरातल्या सिडनी डर्बीला (शहरातल्याच दोन संघांचा सामना) ६१,८८०! पण त्याच वर्षी जुनं मैदान पाडण्यासाठी सोडावं लागलं, नवं होईपर्यंत संघ दुसऱ्यांच्या स्टेडियममध्ये खेळला, आणि गर्दी ओसरली. माणसं तीच होती. तेच मेलबर्न स्टॉर्मचं. रग्बी लीगचा क्लब, बॅरासी रेषेच्या चुकीच्या बाजूला, १९९८ पासून. २०१० मध्ये पगारमर्यादा मोडल्याबद्दल त्यांची दोन विजेतेपदं काढून घेतली. तरी आज आमी पार्कमध्ये त्यांच्या सामन्याला पंधरा-वीस हजार माणसं सहज जमतात. फूटीच्या शहरात, बहुतेक वर्षं त्याच कोपऱ्यावर.

(रग्बी युनियनचं दुःख वेगळंच. मेलबर्न रेबेल्स २०२४ मध्ये बंद पडला. त्याला वाचवायच्या एका योजनेतही म्हणे टार्नीटचंच मैदान होतं. आमच्या माळरानावर जेवढी स्टेडियमं कागदावर झाली तेवढी प्रत्यक्षात झाली असती तर आम्हाला गाडी लावायला जागा उरली नसती.)

तिसरी तक्रार : मुली. २०२३ च्या महिला विश्वचषकात ऑस्ट्रेलिया-इंग्लंड उपांत्य सामन्याला सिडनीत ७५,७८४ प्रेक्षक होते, आणि टीव्हीवर तो सरासरी ७० लाखांहून अधिक लोकांनी बघितला. मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये उभं राहायला जागा नव्हती. मी तिथेच होते, मुलगी खांद्यावर बसण्याच्या वयाची राहिलेली नव्हती, तरी बसवली. त्यानंतर तुमच्या प्रत्येक भाषणात मुलींचं भविष्य आलं. त्याच वर्षी आमच्या महिला संघाने पदार्पणाच्या हंगामात अंतिम फेरी गाठली होती. सिडनीकडून ४-० हरला, पण पोचला होता. तो संघ पुरुषांच्या संघाच्या कर्जाबरोबर बुडाला. मुलींनी काय केलं होतं? परवान्याच्या नियमांत महिला संघ वेगळा काढून, दुसऱ्या कुणाच्या छत्राखाली का होईना, एक हंगाम चालवायची तरतूद नसेल तर ती असायला हवी होती. यावर मला माझ्या मुलीला द्यायला उत्तर हवं आहे.

चौथी तक्रार थोडक्यात, कारण ती फक्त आमची नाही. फूटीच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाकावर बसून एकमेकांना टोमणे मारतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. आपल्या फुटबॉलमध्ये झेंडा, ढोल, भोंगा प्रत्येकाला परवानगी लागते. नियम असावेत. डिसेंबर २०२२ च्या मेलबर्न डर्बीत मैदानात घुसून गोलरक्षकाला जखमी करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण त्याआधी त्याच आठवड्यात अंतिम सामन्याचं यजमानपद तीन वर्षांसाठी सिडनीला विकायचं कुणी ठरवलं? देशभर माणसं निषेध म्हणून विसाव्या मिनिटाला शांतपणे उठून बाहेर गेली. तो करार मागे घ्यायला पुढच्या ऑक्टोबरपर्यंत वेळ लागला. त्याही आधी, २०१५ मध्ये, बंदी घातलेल्या १९८ प्रेक्षकांची यादी फुटून वर्तमानपत्रात छापली गेली, आणि त्यांतल्या लोकांना दाद मागायची धड सोयही नव्हती. २००७-०८ मध्ये सामन्याला सरासरी १४ हजारांच्या वर माणसं येत होती. करोनानंतर दहा हजारसुद्धा जड झाले. आता त्या गेलेल्या चार हजारांहून अधिकांना शोधून विचारा, का गेलात म्हणून.

आमच्या मागण्या अशा:

१. वेस्टर्न युनायटेड, किंवा पश्चिमेचा दुसरा कुठलाही क्लब, परत यायचा असेल तर कोणत्या अटींवर आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी आणि जाहीर सांगा. ‘योग्य वेळी कळवू’ हे उत्तर नाही.

२. यापुढे चित्रांवर परवाना देऊ नका. नव्या क्लबाला पहिल्या दिवसापासून एक मैदान हवं, आणि घरचे सगळे सामने तिथेच. ते पाच हजारांचं असलं तरी चालेल. आम्हाला पंधरा हजारांचं कागदी नको.

३. क्लब झोपलेला असेपर्यंत टार्नीटचं मैदान झोपवू नका. ए-लीगच्या महिला सामन्यांपैकी काही तिथे खेळवा. व्हिक्टरी आणि सिटी यांना रेल्वेने यायला फार वेळ लागणार नाही.

४. पश्चिमेतल्या मुला-मुलींच्या वयोगटांच्या संघांची जबाबदारी कोण घेणार, हे या हंगामातच ठरवा. चौदा वर्षांची मुलगी दोन वर्षं थांबू शकत नाही, ती बास्केटबॉलला जाते किंवा फूटीला जाते. फूटीवाले दारात उभेच आहेत, आणि त्यांचं मला वाईटही वाटत नाही.

५. सामन्याच्या दिवशी स्टेशनवरून बस. राज्य सरकारकडे तुम्ही मागा, आम्हीही मागू.

६. अंतिम सामन्याचं ठिकाण, क्लबाचा परवाना, प्रेक्षकांवरची बंदी, असे निर्णय जिथे होतात त्या टेबलाशी प्रेक्षकांनी निवडून दिलेली दोन माणसं बसवा. मत द्यायचा हक्क नाही दिलात तरी, आधी त्यांच्या कानावर घातलं असतंत तर २०२२ चा डिसेंबर टळला असता.

७. पश्चिमेत प्रेक्षक नाहीत, हे तुमचं मत आहे की नाही, ते एकदा सांगून टाका. असेल तर कुठल्या मैदानावरच्या, कुठल्या वारच्या, किती वाजताच्या हजेरीवरून बनवलं, तेही सांगा.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर होण्याआधी उत्तर मिळावं. उत्तर इंग्रजीत चालेल. मराठीत करून इथे जसंच्या तसं छापीन, त्यात माझ्याविरुद्ध काही असलं तरी.

आपली,
वेस्टर्न युनायटेडची एक सभासद
टार्नीट, व्हिक्टोरिया